एकच लूप

"सर, तीन लूप कशाला हवेत? आधी तपासणारा तेवढा ठेवू," पुतणी भर मीटिंगमध्ये म्हणाली आणि काकांचं डोकं सणकलं.

घरी 'काका' आणि ऑफिसात 'सर'! हिला प्रोग्रामिंग शिकवलं ते यांनी, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसवून. आता विभागप्रमुख होऊन ती त्यांच्याच मुळावर उठली होती. औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या यंत्रांना हुकूम देणारी ही भाषा काकांनी एकट्याने उभी केली होती. तेच काम यंत्राकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचं तर लूप लागतो. काकांनी तीन केले होते: एक मोजून ठरावीक वेळा काम करणारा, एक आधी तपासून करणारा आणि त्यांचा लाडका, आधी काम उरकून मग तपासणारा.

"नवीन पोरं गोंधळतात," पुतणी म्हणाली. "कुठला कधी वापरायचा, कळत नाही त्यांना."

"अक्कल गहाण टाकलेल्यांसाठी भाषा कापायची? मग यंत्रं बंद करा आणि गोट्या खेळा सगळे!"

कोणीतरी फिसकन हसलं. ते आपल्यालाच हसलं, हे कळून काका आणखी भडकले. "एक कारण दाखव. एक तरी!"

पुतणीने पडद्यावर व्हिडिओ लावला. कारखान्यातल्या पट्ट्यावर बाटलीच नव्हती, तरी यंत्राने आधी औषध ओतलं आणि मग बाटली आहे का ते पाहिलं. सगळा पट्टा चिकट झाला होता आणि एक बाई वाकून तो खरवडत होती.

"कुठल्या गाढवाने लिहिलाय हा प्रोग्राम?" काका गरजले.

पुतणीने मान खाली घातली. "काका, तुम्ही."

ऑफिसात तिने पहिल्यांदाच 'काका' म्हटलं होतं. ती कीव त्यांना थोबाडीत बसल्यासारखी लागली.

"ते दोन लूप मी काढून टाकते," ती हळूच म्हणाली.

"खबरदार हात लावलास तर! माझं मी निस्तरतो."

जुने प्रोग्राम पोरांनी आधीच नव्या पद्धतीने लिहून ठेवले होते. जागेवर येऊन काकांनी आधी मोजणारा लूप काढला, मग आपल्या लाडक्या लूपच्या ओळी पुसल्या आणि चाचणी लावली. कुठेतरी काहीतरी मोडेल, निदान एक तरी चूक दिसेल, मग हिला बोलावून दाखवू, या आशेने ते पडद्याकडे बघत बसले. चाचणी संपली. कुठे काही अडलं नव्हतं.

"काका, चला, घरी सोडते," पुतणी दारातून म्हणाली.

"तू हो पुढे. मला काम आहे," ते मान न वळवता म्हणाले आणि त्यांनी चाचणी पुन्हा लावली.