हॉलची मोजणी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं घरीदारी सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. त्या शनिवारी मी जे पाहिलं ते पाहून एखाद्या मुलखाच्या शांत माणसानेही हातातलं काहीतरी फेकलं असतं.

संध्याकाळी साडेसहाला मी औषधांच्या दुकानातून घरी आले. दिवसभर काउंटरमागे उभं राहून पाय भरून आले होते. चावीने दार उघडलं आणि वाटलं, मजला चुकले. समोरच्या भिंतीवर हिरव्या पानांची नक्षी असलेला कागद. खाली केसाळ गालिचा. मधोमध काचेचं टेबल, इतकं लख्ख की ते तिथे आहे हे माझ्या गुडघ्याला आधी कळलं. कोपऱ्यात बगळ्यासारखी मान वाकवून उभा असलेला उंच दिवा. आणि अर्धी खोली अडवून बसलेला पांढुरका सोफा. आमचं लाकडी कपाट, भिंतीलगतचा दिवाण, बाबांची उंच पाठीची खुर्ची, यातलं काहीच नव्हतं.

"कसं वाटलं?" दादाने टाळी वाजवली. हा माझा थोरला भाऊ. तीन वर्षांनी वहिनीला घेऊन आदल्या संध्याकाळीच आला होता. "बोल ना! तोंडात मूग का?"

सोफ्याच्या अगदी टोकाला बाबा बसले होते. पाठ ताठ, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. "छान केलंय, नाही का गं?" ते म्हणाले. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे मी कुठे उभी आहे ते त्यांना कळलं नव्हतं. ते दिव्याशी बोलत होते.

बाबांना दिसत नाही.

काचबिंदूने तीन वर्षांत एकेक कोपरा खात दोन्ही डोळे संपवले. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. बाबा सगळी नोकरी मोजणीदार होते. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीचे दगड रोवायचे, एकमेकांच्या उरावर बसलेले भाऊ बाजूला करायचे. हातात टेप नसली तरी नुसत्या पावलांनी अंतर सांगायचे आणि वीतभर चूक निघायची नाही. नजर जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते रडले नाहीत. घरी येऊन त्यांनी हॉल मोजला. त्यांच्या खोलीच्या दारापासून खुर्चीची पाठ चार पावलं. खुर्चीपासून कपाटाचा कोपरा तीन. तिथे तळव्याला काथ्याचं पायपुसणं टोचलं की डावीकडे वळायचं, पुढे दोन पावलांवर न्हाणीघर. खुर्चीपासून बाहेरचं दार सहा. आमच्या हॉलमध्ये वस्तू ठेवलेल्या नव्हत्या, रोवलेल्या होत्या. एकदा झाडताना माझ्याकडून खुर्ची चार बोटं सरकली, तर "अतिक्रमण केलंस" म्हणून त्यांनी मला दिवसभर झापलं होतं.

दादाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला सांगायचं नाही, अशी बाबांनी मला शपथ घातली होती. दादाचं घर दूरच्या शहरात, अकराव्या मजल्यावर. आई गेल्यापासून दर फोनला त्याचं एकच पालुपद, "बाबा, इकडे या." बाबा म्हणायचे, "त्याला कळलं की तो मला उचलून नेईल. तिथली एक भिंत माझ्या ओळखीची नाही. इथे मी माझा माझा उठतो, दार उघडतो, न्हाणीघरात जातो. तेवढं मला राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग मीही मूठ झाकली. व्हिडिओ कॉल आला की मी बाबांच्या मागे उभी राहायची आणि ओरडायची, "अय्या वहिनी, निळा ड्रेस!" की बाबा पाठोपाठ, "हो, निळा शोभतो हं तुला." आम्ही दोघांनी त्यात इतका हात बसवला होता की फोन ठेवल्यावर हसायचो. आदल्या संध्याकाळीही बेल वाजल्यावर बाबा सहा पावलं चालत गेले आणि त्यांनी स्वतः दार उघडलं. दादाला काडीचा संशय आला नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो.

"अगं, मजा ऐक," दादा सांगत होता. "तू गेलीस आणि दहाला टेम्पो आला. चार माणसं. बाबांना खोलीत बसवलं, दार लोटून घेतलं. एक वाजता सगळं तयार! मग त्यांना हाताला धरून आणलं. म्हटलं, बाबा, डोळे मिटा. इथे बसवलं आणि म्हटलं, आता उघडा! काय खूश झाले, माहितेय?"

"सोफा तर त्यांना इतका आवडलाय," वहिनी म्हणाली, "की तेव्हापासून उठलेच नाहीत. जेवलेसुद्धा तिथेच बसून."

मी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळही जागेवर नव्हतं. एक ते साडेसहा. साडेपाच तास. त्याआधीचे तीन तास दाराआड बसून त्यांनी आपलाच हॉल उखडताना ऐकला असणार. मला बोलवायचं म्हटलं तर फोन कपाटावर, आणि कपाट कुठे गेलं ते देवाला ठाऊक.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी चपला न काढताच तो गालिचा तुडवत गेले आणि बाबांचा हात धरला.

"चला बाबा, हातपाय धुवा."

"नको गं. बसू दे. नंतर."

"चला म्हणते ना!"

मी ओढलं आणि ते उठले. सोफ्यावर, ते बसले होते तिथे, ताटलीएवढा ओला डाग होता.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, "चहा सांडला की काय?"

"हो," बाबा म्हणाले. "चहाच. हात हलला माझा."

या माणसाने कुणाच्या धमकीला भिऊन कधी हातभर जमीन इकडची तिकडे केली नाही. आणि तो स्वतःच्या घरात, सुनेसमोर, ओल्या लेंग्यात उभा राहून चहा म्हणत होता. शपथ गेली खड्ड्यात.

"चहा नाहीये तो!" मी ओरडले. "दिसत नाही त्यांना, दादा! तीन वर्षं नजर जात होती, आता पार गेली. डोळे मिटा म्हणालास ना? मिटलेलेच आहेत ते! न्हाणीघराची वाट बुजवलीस तू त्यांची. उठणार कुठे आणि जाणार कुठे?"

दादाने आधी बाबांकडे पाहिलं, मग डागाकडे. त्याचा चेहरा उतरला, आणि मग चढला. रागाच्या बाबतीत आम्ही दोघं एकाच खाणीतले.

"तीन वर्षं? तीन वर्षं तुम्ही दोघं मला खेळवताय? निळा ड्रेस, निळा ड्रेस... मी कोण आहे या घरात? पाहुणा?"

"पाहुणा बरा! पाहुणा निदान विचारून खुर्ची हलवतो."

"मला एका शब्दाने सांगितलं असतंत तर मी इथलं स्टूल तरी हलवलं असतं का?"

हे खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच मला आणखी संताप आला. आपलेच दात, आपलेच ओठ. चावायचं तरी कुणाला? म्हणून मी बाबांवरच उलटले.

"आणि तुम्ही! गुडघा दुखतोय, जरा हात धर, एवढं म्हणता आलं नाही? साडेपाच तास?"

"किती हौसेने केलं होतं गं त्याने," बाबा म्हणाले. "सारखं विचारत होता, बाबा, आवडलं ना? बाबा, खरंच आवडलं ना?"

  दादाने डोळे पुसले आणि सरळ आज्ञा सोडली. "ते काही नाही. आता यांना इथे ठेवायचंच नाही. सोमवारी माझ्याबरोबर न्यायचं. तिकडे डॉक्टर आहेत, दिवसभराचा माणूस ठेवता येईल..."

"आणि अकराव्या मजल्यावर बसवून ठेवता येईल," मी म्हटलं.

"तू गप्प बस. तू लपवलंस. तुझ्यावर सोडून काय झालं ते दिसलंच."

"हो का? मी होते तेव्हा नाही झालं. तू आलास तेव्हा झालं!"

"मी इथेच आहे," बाबा म्हणाले. "दिसत नाही मला. ऐकू येतं."

आवाज चढला नव्हता, पण हद्दीवर उभे राहून भांडणाऱ्या भावांना गप्प करणारा तोच तो जुना आवाज. 

"सकाळी उचलून बसवायचं, दुपारी उचलून जेवायला लावायचं, रात्री उचलून निजवायचं. म्हणजे सामानच की. आज एक दिवस सामान होऊन पाहिलं मी. पुरे झालं." मग त्यांनी हात पुढे केला. "माझी खुर्ची कुठे आहे?"

"गॅलरीत," दादा म्हणाला.

"आण. कपाट आण. पायपुसणं कुठाय?"

वहिनी घुटमळली. "ते... फार जुनं होतं ना बाबा. माणसांनी खाली कचऱ्यात टाकलं."

दादा तडक जिना उतरला. बराच वेळ खालून डबा खडबडवल्याचा आवाज येत होता. वर आला तेव्हा इस्त्रीच्या शर्टावर अंड्याचं टरफल चिकटलेलं आणि हातात ते पायपुसणं. दारातच त्याने ते तीनदा झटकलं.

मग आमच्या हॉलची फेरमोजणी झाली. बाबांना मी गालिच्याच्या कडेकडेने त्यांच्या खोलीच्या दाराशी नेलं. ओल्या कपड्यांत. आधी बदला म्हटलं तर म्हणाले, "न्हाणीघरात मी माझा जाईन, तेव्हाच बदलेन." गालिचा गुंडाळला, काचेचं टेबल गॅलरीत गेलं. बाबांनी चौकटीला टाच लावली आणि निघाले. एक, दोन, तीन, चार. हात पुढे.

"इथे. पाठ माझ्याकडे."

दादाने खुर्ची हाताखाली सरकवली.

"दोन बोटं भिंतीकडे."

दादाने दोन बोटं मोजली, खरोखर बोटं लावून. पुढे तीन पावलं, कपाट. मी आणि वहिनी एका बाजूने, दादा दुसऱ्या बाजूने. "कोपरा माझ्या कोपराला लागला पाहिजे. हां. आता पायपुसणं." दादा गुडघ्यांवर बसला आणि त्याने ते बाबांच्या तळव्याखाली सरकवलं. दोन्ही हातांनी कडा सरळ केल्या. बाबांनी पाय घासून पाहिला, डावीकडे वळले, दोन पावलं गेले आणि न्हाणीघराचं दार लागलं. आतून कडी वाजली.

 वहिनी ओलं फडकं घेऊन सोफा पुसत होती आणि दादा पायपुसण्याशेजारी जमिनीवरच बसून होता. मला त्याची कीव आली नाही. आजही पुरती येत नाही. माझा राग असा एका संध्याकाळीत फिटणारा नव्हे.

बाबा स्वच्छ कपड्यांत बाहेर आले, आपल्या पावलांनी, आणि खुर्चीत बसले. "भिंतीवर काय लावलंय?"

"कागद," दादा म्हणाला. "हिरवी पानं आहेत."

"असू दे. भिंत काही वाटेत येत नाही."

दादाने सोफ्याकडे पाहिलं. तो अजून खोलीत आडवातिडवा उभा होता. "आणि हा, बाबा? परत पाठवू?"

"कशाला? मऊ आहे. खिडकीखाली ठेव, तिथे जागा आहे." बाबांनी खुर्चीच्या हातावर बोट आपटलं. "पण एकदा ठेवलास की परत हलवायचा नाही." मग थांबून म्हणाले, "आणि मलाही."

दादाने नाक ओढलं, सोफ्याचं एक टोक धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "धर तिकडून."

मी धरलं.