दुसरी सही

"संप मिटेपर्यंत एक पाकीट हलायचं नाही, सिस्टर," पोस्टाचा रखवालदार कुलूप दाखवत म्हणाला.

"अहो, पण कराचं विवरण भरायची शेवटची तारीख उद्याच आहे!"

"मग स्वतः नेऊन द्या की."

नेऊन देणं अवघड नव्हतं. अवघड होती ती धाकट्या भावाची सही. आईवडिलांचं घर दोघांच्या नावावर, भाड्याने दिलेलं. म्हणून सह्याही दोघांच्या. आईच्या शेवटच्या आजारपणात बिनसलं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून फॉर्म टपालाने जाई आणि सही होऊन परत येई. सोबत चिठ्ठी ना चपाटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात रजा टाकून सिस्टर बसने भावाच्या गावी गेली. काय बोलायचं, ते तिने वाटेत चारदा ठरवलं आणि चारदा मोडलं.

दार भावजयीने उघडलं. सिस्टरला पाहून ती उंबऱ्यातच खिळली.

"वन्सं, तुम्ही?"

"सही हवी होती. आहे का घरात तो?"

भावजयीने तिला हाताला धरून आत बसवलं. "हे जाऊन चौदा महिने झाले, वन्सं."

"काहीतरीच काय! गेल्या वर्षी सही आली होती."

"ती मी केली. यांनीच पंधरा दिवस माझ्याकडून गिरवून घेतली. म्हणाले, 'मेलास तरी कळवू नकोस, असं ताई म्हणालीय. सही चुकली तर तिला कळेल.'"

"अगं, रागाच्या भरात बोलले होते मी!"

"त्यांनाही ठाऊक होतं ते. पण तुम्ही दोघंही एकाच आईची लेकरं. हट्टी."

सिस्टरने गेल्या वर्षीची सही नीट पाहिलीसुद्धा नव्हती. आली, एवढंच बघून पाकीट बंद केलं होतं.

तिने विचारलं, "उशाशी कोण होतं?"

"मी होते. आणि एक नर्स, तुमच्याच वयाची. शेवटी शेवटी तिलाच ताई म्हणत होते. तीही बिचारी ओ देत होती."

इतक्या वर्षांत किती परक्यांना सिस्टरने अशी ओ दिली होती, गणती नव्हती. पदर तोंडात धरून ती रडली. भावजय पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनेच घड्याळाकडे पाहिलं. "उठा, वन्सं. चारला कर कार्यालयाची खिडकी बंद होते. मीही येते."

कर कार्यालयात रांग लांबलचक होती. टपाल बंद, त्यामुळे सगळं गाव तिथेच लोटलेलं. कारकुनाने फॉर्म चाळला.

"दुसरी सही राहिली."

"ते वारले," सिस्टर म्हणाली. भावजयीने मृत्यूचा दाखला पुढे केला.

"तुमचं नातं?"

"सख्खी बहीण."

"तारीख सांगा."

सिस्टरने भावजयीकडे पाहिलं. तारीख भावजयीने सांगितली.

कारकुनाने ती लिहून घेतली आणि पट्टी ठेवून सहीच्या रिकाम्या चौकटीवर आडवी रेघ ओढली. शाई वाळेपर्यंत सिस्टर तिथेच उभी राहिली.