वाऱ्याकडचे टोक

मित्रांनो, माझ्या बाह्या माझ्या अंगाच्या मानाने फार लांब आहेत. विणताना त्या तशा नव्हत्या. मी लोकरीचा पांढरा स्वेटर आहे. पांढरा म्हणायचे ते आता जुन्या ओळखीवर. गळ्याला हिरवी आणि सोनेरी पट्टी आहे. मी ज्याचा होतो तो ऑस्ट्रेलियाच्या संघातून गोलंदाजी करायचा, आणि गोलंदाजाच्या स्वेटरला त्याच्या अंगावर राहायला फारसे मिळत नाही. चेंडू हातात घ्यायचा म्हणजे स्वेटर काढून पंचांच्या हवाली करायचा. पंच आमच्या बाह्यांची गाठ आपल्या कमरेला मारतात आणि आम्ही त्यांच्या पाठीमागे लोंबत राहतो. वर्षानुवर्षे गाठी बसल्या की बाह्या लांबणारच.

त्या जागेवरून मला काय दिसायचे, ते सांगतो. पंचांचे तोंड फलंदाजाकडे आणि माझे नेमके उलटे. माझा माणूस दुरून धावत यायचा, तो मला सगळा दिसायचा. मग तो बाजूने सुसाट निघून जायचा, आणि पुढचे काहीच दिसायचे नाही. बॅटचा आवाज, एखादी आरोळी, किंवा नुसतीच शांतता. त्यावरून काय झाले ते ताडायचे. इतक्या वर्षांत मी त्याचा एकही बळी डोळ्यांनी पाहिला नाही. माझ्या जिवाला कधी स्वस्थता का नव्हती, हे आता तुमच्या लक्षात येईल.

त्याचे नाव मरे लेथबर्ग. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पेंग्विन गावचा. घरची बटाट्याची शेती. गावचे मैदान समुद्राला लागून, आणि वारा असा की तिथे सायकल कोणी उभी करत नाही, आडवीच टाकतात. मैदानाच्या एका टोकाकडून गोलंदाजी केली तर वारा पाठीवर घ्यायचा, दुसऱ्याकडून केली तर तोंडावर. थोरल्या भावांनी मरेला लहानपणापासून तोंडावरच्या वाऱ्याचे टोक दिले. त्याची धाव त्या वाऱ्याला रेटतच घडली.

माझी लोकर त्याच बेटाच्या मधल्या माळावरच्या मेंढ्यांची. कसोटी संघात निवड झाल्यावर मी खोक्यातून त्याच्या घरी आलो. त्याच्या आईने मला उलटसुलट करून पाहिले.

"शिवण बरी आहे," ती म्हणाली. "पण गरम पाण्यात टाकलास तर बाहुलीला होईल, सांगून ठेवते."

"मी कशाला धुतोय? तूच धुशील."

"हो ना, देशाचा स्वेटर आणि मोलकरीण मी," असे म्हणत तिने गळ्याच्या आतून त्याच्या नावाची पट्टी शिवली.

मरे अतिजलद नव्हता. त्याला जलद-मध्यम म्हणत. चेंडू टप्पा पडल्यावर थोडासा बाहेर जाई, आणि टप्पा चुकत नसे. अतिजलद गोलंदाजांना वारा पाठीशी लागतो. मग समोरच्या टोकाकडून कोणाला तरी तोच वारा छातीवर घ्यावा लागतो. तो कोणीतरी म्हणजे मरे. वेलिंग्टनच्या वाऱ्यात तो, लीड्सच्या गारठ्यात तो. कोलंबोच्या उकाड्यात मी मात्र बॅगेच्या तळाशी मोज्यांखाली पडून राहिलो आणि बाहेरचा गलका ऐकत तळमळलो. वर्तमानपत्रे त्याला 'भरवशाचा' म्हणत. तो शब्द दिसला की मरे पेपराची घडी घालून त्यावर चिखलाचे बूट ठेवी.

मायदेशी खेळताना बहुतेक वेळा माझी गाठ हर्ब ओक्ली या पंचांच्या कमरेला पडे. गृहस्थ पोटाने सुटलेले आणि तोंडाने त्याहून.

"हा स्वेटर आहे की ओली मेंढी?" ते विचारत.

"तुझ्या पोटाला पुरतोय ना? मग झालं," मरे म्हणे.

आणि दुपार कलल्यावर कप्तान डॅरिल कॉस्टेन लांबूनच ओरडे, "लेथो, स्वेटर घे!" म्हणजे आता तुझे काम संपले. मला ते दोन शब्द फार आवडत, कारण त्यानंतर मी त्याच्या ओल्या पाठीवर चढे. त्याला ते दोन शब्द आवडत नसत. एकाच हाकेने एकाला आनंद आणि दुसऱ्याला टोचणी, अशी आमची जोडी होती.

त्याची एक इच्छा होती, ती त्याने कोणाला सांगितली नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी, मैदान रिकामे असताना, तो मला अंगात घालून दुसऱ्या टोकाला जाई आणि वाऱ्याला पाठ देऊन उभा राही. नुसता उभा. त्याची मुलगी जॅनीन तेव्हा शाळेत होती. एकदा न्याहारीला तिने विचारलेच.

"डॅड, तुमच्या संघातल्या त्या स्नेलला नेहमी चांगलं टोक आणि तुला वाईट, असं का?"

"तो जोरात टाकतो म्हणून."

"तुला वारा मिळाला तर तूही टाकशील."

मरेने पावाला आधीच लावलेले लोणी पुन्हा एकदा लावले.

मग त्याच्या पाठीच्या मणक्याला चीर गेली आणि एक अख्खा हंगाम आम्ही घरी बसलो. मला बटाट्याच्या कोठारातल्या खिळ्यावर टांगले. उंदराने खालची कड कुरतडली. मरेला बसवत नसे, झोपवत नसे. तो कोठाराच्या भिंतीवर बटाटे फेकत राही, आणि त्याची आई स्वयंपाकघरातून ओरडे, "बाजारात पाठवायला काही ठेव रे!" लोक म्हणू लागले की लेथबर्ग संपला. खिळ्यावर टांगलेल्याला त्यावर काय म्हणता येते?

पुढच्या हंगामात एक गोलंदाज जायबंदी झाला आणि मरेला टास्मानियातल्याच होबार्टच्या कसोटीसाठी बोलावणे आले. समोर न्यूझीलंड. शेवटचा दिवस, त्यांचे बरेच गडी बाद व्हायचे होते, आणि दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या दौऱ्याचा संघ जाहीर होणार होता. मरेचे वय पाहता हा दौरा हुकला तर पुढचा नव्हता. नदीवरून बोचरा वारा सुटला होता. कॉस्टेनने नवा चेंडू मरेच्या हातात ठेवला.

"आज वारा तू घे," तो म्हणाला. "घरचं मैदान आहे तुझं. चार बळी काढ, म्हणजे निवड समितीची तोंडं बंद."

"आणि मी काय, भिंतीवर डोकं आपटू?" जॅरड स्नेल म्हणाला. तो तरुण होता आणि संघात सगळ्यांत वेगवान.

"इतकी वर्षं लेथोनं आपटलं. आज तू आपट."

त्या टोकाला परदेशी पंच होते, उंच आणि अबोल. माझी गाठ त्यांच्या कमरेला बसली. मरे धावत आला, आणि असा धावताना मी त्याला कधी पाहिले नव्हते. वारा त्याला उचलून आणत होता. तो बाजूने गेला, बॅटची कड लागल्याचा आवाज आला, झेल घेतल्याचा जल्लोष उठला. आणि त्याच वेळी पंचांचा हात आडवा झाल्याचे मला कमरेपाशी जाणवले. नो-बॉल.

"पाय रेषेच्या बराच पुढे होता," पंच म्हणाले. त्या दिवशी ते बोललेले हे बहुधा सर्वांत लांब वाक्य.

पुन्हा तेच झाले. मग पुन्हा. जन्मभर समोरच्या वाऱ्याला रेटून त्याचे शेवटचे पाऊल बेताने पडायला शिकले होते. आता पाठीमागून ढकलणाऱ्या वाऱ्याने ते रेषा ओलांडून जात होते. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, "लेथो, त्या पायाचा पासपोर्ट काढ!" सगळे मैदान हसले. मरेने धाव मागून सुरू केली, तर तो मध्येच अडखळू लागला आणि चेंडू सीमेपार जाऊ लागले. त्याला हवे होते ते हातात आले होते, आणि ते त्याच्या अंगाला बसत नव्हते.

षटक संपल्यावर तो कॉस्टेनपाशी गेला. जाताना त्याने पंचांकडून मला मागून घेतले होते, म्हणून मी ऐकले.

"मला दुसरं टोक दे. वारा जॅरडला."

"वेड लागलंय का? तिकडून बळी मिळत नाहीत."

"मला नाही मिळणार. मी तिकडून धावा रोखतो, मग इकडे त्यांना घाई होईल. त्याला मिळतील."

"आणि इंग्लंड?"

"सामना जिंकायचाय ना तुला?"

कॉस्टेन वळला. त्याने क्षेत्ररक्षकांना हात केला.

दुसऱ्या टोकाला हर्ब उभे होते. "आलास? मला वाटलं, मोठी माणसं आता इकडे फिरकत नाहीत."

"गाठ मार आणि गप्प बस, हर्ब."

मग तो टाकत राहिला. वारा त्याचा शर्ट पाठीमागे ताणत होता, आणि तो खांदा पुढे घालून त्यात शिरत होता, षटकामागून षटक. हर्ब हळूच म्हणत, "आणखी एक निर्धाव." बॅट नुसती टकटक करी. स्नेलच्या षटकांत मात्र यष्ट्या उडाल्याचे आवाज येत आणि लोक त्याच्या नावाने ओरडत. चहानंतर कॉस्टेनने हाक मारली, "लेथो, बस झालं. स्वेटर घे."

"अजून नाही," मरे म्हणाला.

त्या दोन शब्दांची वाट पाहणारा मी, त्या दिवशी गाठ धरून बसलो. अखेरचा गडी स्नेलने बाद केला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. मरे माझ्यासाठी हर्बकडे आला, तेव्हा हर्बनेच गाठ सोडून मला त्याच्या डोक्यातून घातले.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर संघ वाचला गेला. त्यात त्याचे नाव नव्हते. जॅनीनने विचारले, "डॅड, वाईट वाटतंय?"

"पाठ दुखतेय," तो म्हणाला, आणि बटाटे भरायला गेला.

पुढे तो बरीच वर्षे पेंग्विनच्या क्लबासाठी खेळला. मग मी कपाटात गेलो. गेल्या शरदात मरे गेला. झोपेतच गेला.

क्लबचा चिटणीस कॉलिन घरी आला. "काचेच्या पेटीत लावू," तो म्हणाला. "खाली पितळी पाटी. छान दिसेल."

"तो काचेमागे बसेल असं वाटतं तुला?" जॅनीनने विचारले.

"तो म्हणजे स्वेटर ना?"

ती खिडकीकडे पाहत होती. मग म्हणाली, "क्लबात कपडे बदलायच्या खोलीत एक खुंटी ठोक. ज्याला वाऱ्याविरुद्ध टाकायचंय त्यानं घालायचा."

"विरेल गं. दोन हंगामात चिंध्या होतील."

"होऊ देत."

मित्रांनो, आपल्या माणसांच्या वस्तू जरूर जपा. पण जपणे म्हणजे डांबराच्या गोळ्या घालून कोंडणे नव्हे. लोकर न वापरता ठेवली तर तिला कसर लागते; वापरली तर ती निदान कोणाच्या तरी अंगावर विरते. मला विरू द्या.

आता दर शनिवारी गावाची पोरे-पोरी, शेतावरची, दुकानातली, त्या खोलीत बूट बांधत बसतात. कप्तान विचारतो, "आज वाऱ्याविरुद्ध कोण?" सगळ्यांना एकदम आपल्या बुटांच्या नाड्या सैल वाटू लागतात. कोणी वर पाहत नाही. छपराचा पत्रा वाजत राहतो, आणि मी खुंटीवर हलत राहतो. मग कोणीतरी सुस्कारा सोडून उठते, आणि एक हात माझ्याकडे येतो.