खिडकीजवळची खाट

दर सोमवारी आसावरी मॅडम तळेगावहून लोणावळ्याच्या बेघर निवाऱ्यात यायच्या आणि तिथं राबणाऱ्या शालूबाईंच्या कपाळाला आठी पडायची. मॅडम वाईट नव्हत्या. पण कोण आलं, कोण गेलं हे निवाऱ्याच्या मोबाइलवर भरा, हा त्यांचा धोशा काही संपत नसे. निवारा चालवणाऱ्या त्यांच्या संस्थेनं तरी त्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं होतं? प्रशिक्षण झालं, वडापाव झाले, बिनचूक नोंदी करणाऱ्याचा फोटो भिंतीवर लावायचं आमिष झालं. शालूबाईंचा फोटो काही लागला नाही आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं.

कुणी आलं की त्या लगेच नोंद करायच्या. घोडं अडायचं ते जाण्यापाशी. निवाऱ्यातून कुणी बाई निघाली की शालूबाई त्या दिवशी केरसुणीला हात लावत नसत. गेलेल्याच्या पाठोपाठ केर काढला तर माणूस परतत नाही, हे त्या माहेरी औंढ्याला आईच्या हाताखाली शिकल्या होत्या. कुणाला हक्काचं घर मिळालं तर आनंदच, पण नाही मिळालं तर परतायला जागा नको? मग ‘सोडून गेली’ हे बटण कसं दाबायचं? ते तर केर काढण्याहून वाईट.

त्यातून रतनबाईंसाठी तर त्यांनी ते मुळीच दाबलं नसतं. रतनबाई उन्हाळ्यात पवनेकडच्या भाचीकडे राहायला गेल्या. त्याआधी कैक महिने दोघींचा दुपारचा चहा एकत्र व्हायचा, आणि बहीण नसलेल्या शालूबाईंचा जीव त्या म्हातारीवर जडला होता. जाताना रतनबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “माजी खाट ठेव गं.” शालूबाईंनी खिडकीजवळची ती खाट ठेवली. तिची चादर त्या नेमानं धुवायच्या. मोबाइलमध्ये रतनबाई अजून तिथंच राहत होत्या. हल्ली नव्या बायका फारशा येत का नाहीत, याचं मात्र शालूबाईंना नवल वाटे.

या सोमवारी मॅडमनी नोंदींचे तक्ते काढलेच नाहीत. त्या शेजारी येऊन बसल्या.

“मावशी, गेलेल्यांची नोंद का करत नाही? रागावणार नाही मी.”

शालूबाईंनी केरसुणीचं सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत.

“मी आपली कंटाळा समजत होते,” त्या म्हणाल्या. “ही माहिती पुढे कुठे जाते, ते तुम्हाला कुणी दाखवलंच नाही. हे बघा, दवाखान्यांना, स्टेशनवर आपला निवारा असा दिसतो.”

मॅडमच्या फोनवर लाल अक्षरं होती: महिला कक्ष, जागा नाही.

“आसं कसं? तीन खाटा मोकळ्या हायेत की.”

“आपण त्या भरलेल्या दाखवल्यात.” मॅडमनी कामशेतच्या एका दवाखान्यात वासंती सिस्टरना फोन लावला आणि आवाज मोठा केला. “सिस्टर, आमच्याकडे कुणाला पाठवायचं राहिलंय का?”

“एक आजी आहेत. बऱ्या झाल्या, पण न्यायला कुणी येत नाही. लोणावळ्याला खिडकीपाशी माझी खाट आहे म्हणून हट्ट धरून बसल्यात. पण तुमच्याकडे जागा दिसेना, म्हणून सोलापूरकडच्या वृद्धाश्रमात सोय केली. दुपारी गाडी येईल.”

“नाव काय त्यांचं?” शालूबाईंनीच विचारलं.

“रतनबाई.”

शालूबाई फोनवर वाकल्या. जिच्यासाठी खाट अडवली, तिलाच त्या खाटेनं परत फिरवलं होतं.

“सिस्टर, त्यास्नी तिकडं धाडू नगा. खाट हाय. मीच ठिवलीया.”

“मला पटतंय हो, मावशी. पण इथं जागा दिसल्याशिवाय साहेब सही करत नाहीत.”

मॅडमनी निवाऱ्याचा मोबाइल शालूबाईंपुढे सरकवला. त्यांनी स्वतः बटण दाबलं नाही आणि घाईही केली नाही. रतनबाईंच्या नावापुढं ते बटण होतंच. शालूबाईंनी मोबाइल हातात घेतला. आईची मनातल्या मनात माफी मागून त्यांनी ते दाबलं.

“दिसली जागा,” पलीकडून सिस्टर म्हणाल्या. “पाठवते.”

मॅडम तळेगावला परतल्या आणि मग उन्हं कलताना रतनबाई आल्या. अंगावर मांस राहिलं नव्हतं. खाटेवर बसून त्यांनी चादरीवरून हात फिरवला.

“ठिवलीस की गं,” त्या म्हणाल्या.

“ठिवली म्हनूनच तुमास्नी मुकत हुते,” म्हणत शालूबाई पदरात तोंड खुपसून रडल्या. रतनबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या नुसत्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

चहाचं आधण ठेवलं तरी शालूबाईंचं लक्ष उरलेल्या दोन खाटांकडेच जात होतं. एक अंबूबाईंची, एक कस्तुराबाईंची; दोघीही अशाच निवारा सोडून गेलेल्या. त्यांची वाट बघता बघता अशा किती जणींना आपण दुरूनच परतवलं असेल, या विचारानं त्यांना कसंनुसं झालं. मोबाइल घेऊन त्यांनी दोन्ही नावांपुढची बटणं दाबली. या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही.

चहा उकळायच्या आत फोन वाजला. बेगडेवाडी स्टेशनवरून कुणी बोलत होतं.

“लेकराला घेऊन एक बाई बसलीय इथं. तुमच्याकडं जागा दिसतेय. पाठवू का?”

“धाडा,” शालूबाई म्हणाल्या आणि त्यांनी आधणात आणखी कपभर पाणी ओतलं.