चेटकीण चषकाची फायनल

ओहोटीने पाणी मागे सरलं आणि वेळशेतच्या पुळणीवर माणसांचा पूर लोटला. श्रीवर्धनहून रिक्षा भरभरून आल्या होत्या. हरिहरेश्वराचं दर्शन आटोपलेले पर्यटकही वाट वाकडी करून थांबले होते. एका बाजूला निळे टी-शर्ट, दुसऱ्या बाजूला लाल. मधे फक्कीने आखलेला गोल, गोलात पाट आणि पाटाशेजारी हळदीच्या पाण्याची कळशी. बाजूच्या मचाणावर माइक घेऊन शुभम उभा होता.

"रसिकहो! वरची आळी वॉरियर्स विरुद्ध खालची आळी टायगर्स! चेटकीण चषकाचा अंतिम सामना! भरती यायच्या आत निकाल लागणार, तेव्हा कुणीही जागा सोडू नका. लिंबू सरबत नदीमच्या गाडीवर मिळेल!"

टेनिस बॉलच्या सामन्यांचं समालोचन करणाऱ्यांत शुभमचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. साधा झेलसुद्धा तो असा रंगवून सांगायचा की बाद झालेला फलंदाज टाळ्या वाजवत परतावा. दोन वर्षांपूर्वी सरपंच दयाराम यांनी हा नवा खेळ काढला आणि माइक आपसूक शुभमच्या हातात आला. हे सगळं खरं की खोटं, असा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नाही. माणसं जमत होती, हसत होती, त्यात त्याला आनंद होता.

नियम सोपे होते. आपल्या आळीत काही वाईट घडलं की त्याच्या धावा मिळायच्या. दूध नासलं तर एक, पोराला ताप आला तर दोन, कोंबडी मेली तर चौकार, बकरी मेली तर सरळ षटकार. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं तर फ्री हिट. धावा पुरेशा झाल्या की दुसऱ्या आळीतल्या एका बाईचं नाव घ्यायचं. ती गोलात येऊन पाटावर बसायची. रंगू भगत तिचे हात आपल्या हातात घेऊन मंत्र पुटपुटायचा, मग तिच्या ओंजळीत हळदीचं पाणी ओतायचा. पाणी पिवळं राहिलं तर बाई नाबाद. लाल झालं तर चेटकीण, आणि दिवस मावळायच्या आत गावाबाहेर.

पूर्वी गावं रागाच्या भरात बायकांना दगड मारून हाकलत. ते रानटीपण झालं, असं सरपंच भाषणात सांगायचे. आता कसं सगळं शिस्तीत होतं. पंच आहेत, टोप्या आहेत, मधल्या वेळेत वडापाव आहे. गेल्या वर्षी ठमी बाद झाली तेव्हा तिला निरोपाचा नारळसुद्धा देण्यात आला होता. तिच्या परड्यात आता पर्यटकांच्या गाड्या लागतात.

पहिली आली खालच्या आळीतली एक तरणी सून. तिच्या चेहऱ्यावर रक्त म्हणून उरलं नव्हतं. भगताने तिचे हात धरले, डोळे फिरवले, मान गदागदा हलवली.

"ओम भूतपिशाच्च, ओम चांडाळ, ओम व्हाट्सअ‍ॅप, ओम फटाक!" शुभमला तरी तसंच ऐकू आलं.

पाणी ओतलं. पिवळं राहिलं.

"नाबाद!" शुभम ओरडला. सुनेची सासू घळाघळा रडली आणि लाल टी-शर्टांनी ढोल बडवला.

मग नाव घ्यायची पाळी खालच्या आळीवर आली. त्यांच्या कप्तानाच्या तीन कोंबड्या मेल्या होत्या आणि वर साखरपुडा मोडला होता. त्यांच्या वतीने सरपंचांनी कागद न बघताच मोठ्या आवाजात नाव पुकारलं.

"गोदूबाई!"

शुभमने माइक तोंडापासून दूर केला. गोदूबाई त्याची आत्या. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. पुळणीला लागून तिची सुपारीची बाग होती आणि तिथून थेट समुद्रावर उतरणारा रस्ता सरपंचांना त्यांच्या नव्या रिसॉर्टसाठी हवा होता. गावातून गेली तर म्हातारी जाणार कुठे?

गोदूबाई पदर खोचून तरातरा आली.

"कप्ताना, तुज्या तीन कोंबड्या मेल्या, व्हय? माज्या पाच मेल्या. मंग मी काय सोताच्याच कोंबड्यांवर करनी केली?"

"आत्याबाई, खेळाडूवृत्ती दाखवा," सरपंच म्हणाले.

"आधी तू मानूसवृत्ती दाखव."

लोक हसले. रंगू भगत मात्र हसला नाही. त्याने कमरेची चंची सोडली, तळहातावर तंबाखू घेतली, डबीतला चुना बोटाने काढला आणि निवांत मळू लागला. सवयीने शुभमच्या तोंडून वाक्य निघून गेलं.

"भगतबुवा बार भरतायत, म्हणजे विकेट जवळ आली!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. हे त्याचं गाजलेलं वाक्य होतं. ठमीच्या वेळी त्याने हेच म्हटलं होतं. त्याच्या आधीच्या वर्षीही. आणि मघाशी त्या सुनेच्या वेळी? तेव्हा म्हटलं नव्हतं. कारण तेव्हा भगताने तंबाखू काढलीच नव्हती.

शुभम भगताच्या बोटांकडे बघत राहिला. चेंडूला व्हॅसलिन लावणारे गोलंदाज त्याने लांबून ओळखले होते, आणि इथे त्याच्या नाकासमोर हा माणूस हाताला काय लावतो ते त्याला इतके दिवस दिसलं नव्हतं. दिसलं होतं खरं तर. त्याने त्याचा विनोद केला होता. त्याला मनापासून लाज वाटली. मग त्याला शाळेतला प्रयोग आठवला. हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकली की कागद लाल होतो. त्यात मंत्र नव्हता, बाई तर नव्हतीच.

तो माइक घेऊन मचाणावरून खाली उडी मारून आला.

"रसिकहो, रिव्ह्यू! तिसऱ्या पंचाकडे अपील! भगतबुवा, आत्याच्या हाताला अजून हात लावू नका. आधी माझ्या ओंजळीत पाणी ओता."

"पुरुषांना हा नियम लागू न्हाय," भगत गुरकावला.

"मग घाबरता कशाला?"

लोकांना गंमत हवीच होती. "ओता, ओता!" असा गलका झाला. सामना सुरू होण्याआधी शुभमनेही एक बार भरला होता. भगताने नाइलाजाने कळशी वाकवली. पाणी शुभमच्या तळव्यावर पडलं आणि लालभडक झालं.

"अरं देवा! शुभम्या चेटकीन!" कोणीतरी किंचाळलं.

"थांबा, मी एकटा कशाला? कप्तान, हात पुढे करा." लाल. "निळ्यांचे कप्तान, तुम्ही." लाल. "सरपंचसाहेब, आता तोंडात काय आहे तुमच्या? या, या, खेळाडूवृत्ती दाखवा."

दयारामांनी हात खिशात घातले. गर्दीने ते बाहेर काढले. दोन्ही आळ्यांना एकत्र कामाला लागलेलं गावाने पहिल्यांदाच पाहिलं. सरपंचांचा तळवा पळसाच्या फुलासारखा लाल झाला. आता सगळे पुरुष एकमेकांच्या तळहातांकडे बघू लागले. वेळशेतात तंबाखू न मळणारा बाप्या शोधून सापडला नसता.

"नदीम, तू ये."

"मी तंबाखूला हात लावत न्हाय, अल्ला कसम," नदीम सरबताच्या गाडीमागून म्हणाला. त्याच्या ओंजळीत पाणी पिवळंच राहिलं. मग शुभमने त्याच्याकडचं अर्धं लिंबू घेतलं आणि आपल्या लाल तळव्यावर पिळलं. लाल रंग विरला, हात पुन्हा पिवळा झाला.

"बघा! चेटूक उतरलं. भगताची गरज नाही, लिंबू पुरतं. अरे, हा चुना आहे! हळदीला चुना लागला की ती लाल होते. आमटीच्या डागाला साबण लावला की काय होतं, ते घरच्या बायकांना विचारा. ज्या बाईला काढायचं तिचे हात धरण्याआधी हा बुवा तंबाखू मळतो. जिला ठेवायचं तिच्या वेळी मळत नाही. आत्या, हात पुढे कर. बुवा, तुम्ही लांब राहा."

शुभमने तिच्या हातांना हात न लावता कळशी वाकवली. गोदूबाईच्या सुरकुतलेल्या ओंजळीत पाणी पिवळं धमक राहिलं. तिने ते भगताच्या धोतरावर ओतलं.

मग लाल कप्तान ओरडला, "म्हंजे खरा चेटक्या ह्यो भगतच! धरा रं त्याला! विकेट!" आणि निळे-लाल सगळेच हातात येईल ते उचलून धावले. कोणी वाळूतून स्टंप उपटला. भगत पाण्याच्या दिशेने पळत सुटला. लोकांना अजून काहीच कळलेलं नाही, हे शुभमच्या ध्यानात आलं. त्यांना फक्त दुसरी चेटकीण मिळाली होती.

गोदूबाई मधे आडवी उभी राहिली. "खबरदार! मला चेटकीन म्हनलात ते खोटं, आन् ह्याला म्हनता ते खरं? ह्याला कसलं आलंय चेटूक? ह्यो लबाड हाय, लबाड! आन् लबाडासाठी पोलीस हायत."

नदीमने फोन लावलाच होता. बाईला चेटकीण ठरवून छळणं हा गुन्हा आहे, त्याला कायदा आहे, हे सरपंचांना बहुधा ठाऊक असावं, कारण गर्दीतून ते सगळ्यात आधी दिसेनासे झाले. पोलिसांची गाडी येईपर्यंत, पाण्यातून परत आलेला भगत ओल्या धोतराने पाटावर बसून राहिला. त्याच्या अंगाला कोणी बोट लावलं नाही.

भरतीचं पाणी फक्कीच्या रेघेपर्यंत आलं तेव्हा शुभमने शेवटच्या वेळी माइक हातात घेतला. त्याचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"मंडळी, सामना रद्द. कोंबड्या रोगाने मेल्या, त्यांना लस द्या. पोराला ताप आला तर दवाखान्यात न्या. लग्न मोडलं तर ते का मोडलं ते मुलीला विचारा. पटत नसेल तर माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी हळद आहे, चुना तर तुमच्या खिशातच आहे, स्वतः करून बघा. आपण इतके दिवस चेटकिणींच्या एका संघाविरुद्ध खेळत होतो. तो संघ कधी मैदानात उतरलाच नाही, कारण तो नव्हताच. समोर फक्त आपल्याच आया-बहिणी उभ्या होत्या, आणि आपण टाळ्या वाजवत होतो."