झाकलेले आरसे

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याचं नाक एवढं मोठं होतं, की तो कोपऱ्यावर वळायच्या आधी ते दुकानात पोचून दिवा लावत असे. खोटं वाटत असेल तर राहिलं. पण तेच नाक पुढे पडद्यावर गेलं आणि ते बघायला लोकांनी रांगा लावल्या, हे तर खोटं नाही? नाक बापाचं, गाजलं मुलाच्या तोंडावर.

मुलाचं नाव चिमण. तो जन्मला आणि बापानं दुकानावर पाटी रंगवून घेतली, ‘चिमण केशकर्तनालय’. मी शेजारचा शिंपी. शिडी मीच धरली होती. आई लवकर गेली, म्हणून पोर दुकानातच वाढलं. न्हावी गिऱ्हाइकाशी बोलतो ते आरशातून, पाठीमागे उभा राहून. दोन्ही कल्ले सारखे झाले का हे बघायला आमचा न्हावी मान तिरकी करून एक डोळा बारीक करायचा. पोरानं ते उचललं. पुढे तो नट झाला आणि पडद्यावर त्यानं मान तिरकी केली, की शिट्ट्यांनी थिएटर दणाणायचं. एकदा छप्परच उडालं म्हणतात. शेजारच्या गावात सापडलं.

न्हाव्याची इच्छा एकच. चिमणनं एकदा यावं, पहिल्या खुर्चीत बसावं आणि बापाच्या हातून केस कापून घ्यावेत. “येतो बाबा, हे शूटिंग उरकलं की नक्की,” तो फोनवर म्हणायचा. ती खुर्ची न्हावी रोज पुसायचा. कुणाला बसू द्यायचा नाही.

मग कुणा भामट्यानं कॉम्प्युटरवर चिमणचा चेहरा आणि आवाज हुबेहूब बनवला आणि त्याच्या तोंडून मधुमेहाच्या बनावट गोळ्या विकल्या. लोकांनी खरी औषधं सोडली, काही दवाखान्यात पोचले. चिमण कोर्टात गेला. कोर्टानं सांगितलं, याचं नाव, चेहरा, आवाज, लकब याच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी कुणी वापरायची नाही. छान झालं. पण मग त्याच्या वकिलांनी जिथे जिथे त्याचं नाव दिसलं तिथे तिथे नोटीस धाडली. पाटीखाली कोण उभं आहे, हे बघायला कुणाला वेळ?

न्हाव्याला चष्मा सापडेना, म्हणून त्याला आलेली नोटीस मी वाचली. “...‘अथवा त्यांच्याशी साम्य असलेली कोणतीही प्रतिमा’.”

“साम्य म्हणजे?”

“सारखं दिसणारं.”

तो आरशात बघत राहिला.

“अरे, फोन लाव त्या वकिलाला!” मी ओरडलो. “सांग, मी बाप आहे म्हणून.”

“पुरावा मागितला तर काय दाखवू, शिंप्या? नाक? त्याच्यावरच तर बंदी आलीय.”

“मग चिमणला सांग.”

“त्यानं भांडून मिळवलंय ते. बापानंच मोडायचं होय?”

“तुझं तोंड तुझं आहे, गाढवा!”

“होतं,” तो म्हणाला. “पोराला दिलं.”

दुसऱ्या दिवशी पाटीवर चुना फासलेला. घरातले, दुकानातले सगळे फोटो त्यानं खाली उतरवले. त्याचा एकट्याचा असा एकही नव्हता. प्रत्येकात पोर कडेवर नाहीतर खांद्यावर. तो गठ्ठा वकिलाच्या पत्त्यावर गेला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, “आरशांची मापं घे. पडदे शिव.”

“कशाला?”

“दुकानात माझं तोंड दिसतं. म्हणजे धंद्यालाच वापरतोय की.”

मी हसत हसत पडदे शिवले. रुसवा होता तो, सरळ सरळ. पोरानं कधीतरी विचारावं, ‘बाबा, हे काय?’ पण कुणीतरी रुसलंय हे पोराला कळायला तर हवं! फोन यायचा, घाईघाईचा.

“दुकान काय म्हणतंय, बाबा?”

“चाललंय.”

झालं बोलणं.

न्हावी नुसत्या बोटांच्या अंदाजानं कापायचा. गिऱ्हाइकं एकमेकांना विचारायची, “मी कसा दिसतो हो?” त्यातून दोघांची मारामारी झाली आणि एकाचं लग्न जमलं. गल्ली हसायची. पण आरशाशिवाय न्हाव्याला बोलता येईना. माणसाच्या डोक्यामागे उभं राहून बोलायचं कुणाशी? आधी गप्पा आटल्या, मग गिऱ्हाइकं. शेवटी कात्रीचा तेवढा आवाज उरला. थंडीत त्याच्या छातीत कफ धरला, आणि तो आवाजही थांबला.

चिमण आला. स्मशानातलं सगळं उरकल्यावर, गर्दी पांगल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाला, “काका, बाबांचा एखादा फोटो आहे? घरात एकही नाही.”

“तुझ्या वकिलाकडे आहेत.”

त्याला कळेना. मी सगळं सांगितलं. त्यानं तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, हो, एक गठ्ठा आहे खोलीत, अजून फोडलेला नाही.

“मला कुणी सांगितलं का नाही? बाबांनी तरी सांगायचं!”

“तू तरी कुठे विचारलंस, बाळा?”

मी दुकान उघडलं. तो चुना फासलेल्या पाटीखाली थबकला, मग आत येऊन पहिल्या खुर्चीत बसला. मी समोरचा पडदा ओढून काढला. आरशात नट दिसत होता, रडून डोळे सुजलेला. तो उठला आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला, दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवून. त्याची मान आपोआप तिरकी झाली.

थाप मारत नाही. आरशात आमचा न्हावी उभा होता. आणि त्याच्यापुढे ती पुसून लख्ख केलेली, रिकामी खुर्ची.

“काका,” तो आरशातूनच म्हणाला, “बाबांना हे असं दिसायचं?”

“रोज,” मी म्हणालो.