एकच ग्रुप

सगुणाने भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, तेवढ्यात भिंतीपलीकडून गंगारामभाऊंचा आवाज आला.

"यमुनाबाई, तुमच्या भाचीने एकच ग्रुप कसा घेतला? एवढे मार्क आहेत. गणिताबरोबर जीवशास्त्रही मिळालं असतं तिला."

भाकरी उलटायची राहिली. गंगारामभाऊ कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होते आणि दोन्ही वेळा यमुनाबाईंच्या खानावळीत जेवत. सगुणाला हे चांगलं ठाऊक होतं, कारण त्यांच्या ताटातली भाकरी तीच थापत होती. तरीही सकाळी आत्याला "दोन्ही ग्रुपच्या जागा भरल्या" असं सांगताना ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची अशीच फजिती होते.

"जागा भरल्या ना?" बाहेर आत्याने विचारलं.

"कुठल्या भरल्या? अजून आहेत. मी तिला दोनदा विचारलं. म्हणाली, गणितच लिहा. सोमवारपर्यंत आली तर बदलून देतो."

पागोळ्यांच्या आवाजात पळी पातेल्याला घासल्याचा आवाज आला.

"कुळथाची पिठी वाढू?" आत्या म्हणाली.

"वाढा थोडी."

करपल्याचा वास आला तेव्हा सगुणाने भाकरी उलटली. ती तिने बाजूला ठेवली आणि दुसरा गोळा घेतला.

खरं म्हणजे ती एकदा नाही, दोनदा खोटं बोलली होती. दहावीचा निकाल लागल्यापासून तिच्या वडिलांनी, दादूने, पोरगी डॉक्टर होणार असं अख्ख्या वाडीला सांगून टाकलं होतं. त्यांच्या वाडीत डॉक्टर नव्हता. स्वतःच्या आईला दादूने भर पावसात खुर्चीत बसवून, चौघांच्या खांद्यावरून जयगडच्या रस्त्यापर्यंत आणलं होतं, आणि म्हातारी रस्त्यावरच गेली होती. शाळेतल्या सरांनी तोडगा काढला. पोरीला गणित आवडतं, बापाला डॉक्टर हवा, तर दोन्ही ग्रुप घ्या. हुशार मुलं घेतातच. बारावीनंतर काय ते ठरवा. दादू खूश झाला. सर खूश झाले. सगुणा मान खाली घालून उभी राहिली, आणि मान खाली घातली म्हणजे हो, असं दोघांनीही धरलं.

पुढे ती शिकायला रत्नागिरीत आत्याकडे आली. बाप पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा तिने त्याला सांगितलं, जीवशास्त्राची प्रॅक्टिकलं संध्याकाळी असतात, आणि संध्याकाळीच आत्याला भाकऱ्यांना हात लागतो, तेव्हा दोन्ही जमायचं नाही. दादू बराच वेळ टोपी हातात घेऊन बसला. बहीण पोरीला फुकट ठेवून घेते, जेवूखाऊ घालते. तिच्यापुढे काय बोलणार? तो तसाच गाडीला गेला. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणून तिच्यासाठी जागा भरल्याची निराळी गोष्ट रचावी लागली.

जेवणारे हात धुऊन छत्र्या शोधत निघून गेले. यमुनाबाई आत आल्या. नवरा गेल्यावर एकटीच्या जिवावर त्यांनी ही खानावळ उभी केली होती आणि आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. त्या चुलीसमोर पाटावर बसल्या.

"हात धू नि बस हितं. जागा भरल्या नव्हत्या. मग बापाला काय सांगितलंस?"

सगुणाने सांगितलं. सांगताना ती परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ खरवडत राहिली.

यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे खापर माज्या भाकऱ्यांवर फोडलंस. उद्या वाडीत सगळी बोलतील, सगुणा डागतर व्हायची, पन आत्येनं तिला चुलीपुढं बसवली. तुजा बाप तोंडावर काय बोलायचा नाय. मनात धरून बसंल. मी मरेपर्यंत धरील. मला नको गो ते."

"तसं नव्हतं माज्या मनात."

"तुज्या मनात काय ते तुला ठाव. उद्यापासून मथुराला बोलावते भाकऱ्यांना. परवाच काम मागत होती. तू सोमवारी जा नि दोन्ही घे."

एवढं म्हणून त्या उठू लागल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. आतापर्यंत भाकऱ्यांच्या आडोशाला तिला सुखाने बसता आलं होतं, आणि तो आडोसा आत्याने एका वाक्यात काढून घेतला.

"आत्ये, मला नकोय."

"मथुरा?"

"जीवशास्त्र."

यमुनाबाई पुन्हा पाटावर टेकल्या.

"जड जातंय?"

"नाय."

"बेडूक कापायला भ्या वाटतं?"

"म्हावरं मीच साफ करते ना रोज."

"मग काय झालं?"

काय झालं ते सगुणालाही नीट सांगता येईना. ताटात दुसऱ्यांदा वाढायला कोणी आलं तरच 'नको' म्हणायची तिला सवय होती. बाकी कशाबद्दल आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तिने पुन्हा परातीत बोट घातलं.

"मला गणितच आवडतं. एखादं सुटत नसलं तर ते डोक्यात घेऊन दिवसभर बसावंसं वाटतं. दुसरं घेतलं की त्याच्यामागं धावायचं. होईल, नाय असं नाय. पन मला एकच पुरे."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. हुशार पोरीने जास्त नको म्हणावं, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"मग हे बापाला सांगायचं होतंस."

"त्याला वाईट वाटलं असतं."

"नि माज्यामुळं वाटलं ते बरं?"

सगुणाला मनापासून लाज वाटली.

रविवारी दुपारच्या गाडीने दादू आला. लावणी अर्धी टाकून आला होता, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला होता. खांद्यावरची तांदळाची गोणी त्याने ओटीवर उतरवली आणि घोंगडी झटकून बाजूला ठेवली. यमुनाबाईंनी चहा आणला. दादूने कप घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"आक्का, तुज्याकडं काय मागायला तोंड नाय माजं," तो कपाकडे बघत म्हणाला. "पोरीला तू ठेवलीस तेच खूप. पन संध्याकाळच्या भाकऱ्यांना दुसरी कोन बाई मिळाली तर तिच्या मजुरीचे तांदूळ मी देईन. ही गोणी त्याच्यासाठीच आनली. हे संपले की आनखी आनीन."

सगुणा दाराशी उभी राहून ऐकत होती. बापाने एवढे दिवस हाच विचार केला होता, आणि तिच्या एका खोट्यापायी स्वतःच्या बहिणीपुढे असा मान खाली घालून बसला होता.

"माजी काय अडचन नाय नि कदी नव्हती," यमुनाबाई म्हणाल्या. "उद्या सोमवारपर्यंत कॉलेजात बदलून मिळतंय. तिला विचार."

दादूने सवयीने बहिणीकडेच पाहिलं. त्यांच्या घरात उत्तरं तिच्याकडून येत. पण ती लसूण सोलायला बसली होती आणि मान वर करत नव्हती. शेवटी तो दाराकडे वळला.

"काय गो?"

"बाबा, भाकऱ्यांचं खोटं होतं. मला डागतर व्हायचं नाय. मला गणित शिकायचंय."

दादूने कप खाली ठेवला. तो रागावला असता तर सगुणाला बरं वाटलं असतं.

"मग वाडीला डागतर कोन?" त्याने विचारलं. तिलाच विचारलं असं नाही.

"वाडीला डागतर पायजे तर सरपंचाकडं माग," लसूण सोलता सोलता यमुनाबाई म्हणाल्या. "ती पोर हाय."

दादूने चहा उचलला, एव्हाना तो गार झाला होता, तरी सगळा प्यायला.

"गणित शिकून काय होतात?"

"मास्तर होतात. आनखी काय होतात ते मला अजून ठाव नाय."

"ठाव नाय," दादू म्हणाला आणि त्याने घोंगडी डोक्यावर घेतली. पायरी उतरून चार पावलं गेल्यावर तो थांबला. "सोमवारी काय बदलायचं नाय तर मग."

"नाय."

त्याने मान हलवली आणि तो गाडीला गेला. वळणापर्यंत सगुणा बघत राहिली. त्याने मागे पाहिलं नाही. गोणी ओटीवरच राहिली.

संध्याकाळी सगुणाने नेहमीसारखी परात पुढे ओढली आणि उकड मळायला घेतली. आत्या भाताचं पातेलं उतरवून तिच्या शेजारी येऊन बसली.

"मथुराला उद्यापासून यायला सांगितलंय."

"कशाला? आता मला संध्याकाळ मोकळीच हाय. मी करीन ना भाकऱ्या."

"एकच पुरे म्हनालीस ना?" आत्या म्हणाली आणि परात तिने आपल्याकडे ओढून घेतली. "मग एकच कर. ऊठ."

सगुणा उठली. मोरीवर जाऊन तिने हात धुतले. नखांतलं पीठ निघायला वेळ लागला. मग कंदील पुसून तो घेऊन ती ओटीवर गेली आणि तांदळाच्या गोणीला पाठ टेकून पुस्तक उघडून बसली.